जितक्यांदा म्हणजे कितीदा?

प्रभुभोजनाच्या वचनातले एक ग्रीक क्रियाविशेषण कसे वाचावे, कसे शिकवावे आणि त्यावरून मंडळीचे वर्षाचे वेळापत्रक कसे आखावे

मंडळीच्या वार्षिक सभेत हिशेब मंजूर झाले, छपराच्या गळतीचे बोलून झाले, की कोणीतरी हा विषय काढतेच: प्रभुभोजन वर्षातून कितीदा ठेवायचे? एक जण म्हणतो महिन्याच्या पहिल्या रविवारी. दुसरा म्हणतो दर रविवारी, आरंभीची मंडळी तसेच करत होती. एखादे वयस्क वडील सांगतात, आमच्या लहानपणी वर्षातून दोनदाच व्हायचे आणि महिनाभर आधी तयारी चालायची. गंमत अशी की तिघेही बोट ठेवतात ते एकाच वचनावर: करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ११, ओवी २५ आणि २६. तिथला 'जितक्यांदा' हा शब्द प्रत्येकाला आपल्या बाजूचा वाटतो.

हा लेख पाळकांसाठी आहे, तसाच शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी, भगिनी मंडळात पाठ घेणाऱ्यांसाठी आणि डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर घरोघरी प्रार्थनासभा चालवणाऱ्यांसाठी. ग्रीक येत नसले तरी अडत नाही. मोबाइलवर शब्दशः ग्रीक पाठ फुकट मिळतात आणि स्ट्राँगच्या शब्दसूचीत प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक असतो. आपल्या शब्दाचा क्रमांक ३७४०, उच्चार 'होसाकिस'. एवढे हाताशी असले की पुढची वाट मराठीनेच सुकर होते.

आधी शब्दाचे कुटुंब बघा

ग्रीकमध्ये 'होसोस' म्हणजे जितका. त्याला 'आकिस' हा प्रत्यय लागला की 'होसाकिस', म्हणजे जितक्यांदा. हा 'आकिस' मराठी माणसाला शिकवावाच लागत नाही, कारण आपल्याकडे त्याच कामाचा 'दा' आहे. पाचदा म्हणजे 'पेंटाकिस', सातदा म्हणजे 'हेप्टाकिस', कितीदा म्हणजे 'पोसाकिस', पुष्कळदा म्हणजे 'पोल्लाकिस'. एकदा, दोनदा आणि तीनदा यांची रूपे मात्र ग्रीकमध्ये वेगळ्या वळणाची: 'हापाक्स', 'दिस', 'त्रिस'. फळ्यावर दोन रांगा मांडा, एकीकडे मराठी आणि दुसरीकडे ग्रीक. सातवीतले मूलसुद्धा पाच मिनिटांत जोड्या लावते.

या कुटुंबाचा एकत्र फोटो हवा असेल तर करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा अकरावा अध्याय उघडा. पौल आपल्या हालअपेष्टांची यादी देतो. यहूद्यांकडून एक कमी चाळीस फटके पाचदा, छड्या तीनदा, दगडमार एकदा, जहाज फुटणे तीनदा, आणि प्रवास, जागरण पुष्कळदा. जिथे आकडा माहीत आहे तिथे आकडा, आणि जिथे मोजदाद सुटली तिथे 'पोल्लाकिस'. या माणसाला किती वेळा ते नेमके सांगता येत होते, आणि 'वारंवार' म्हणायचे तेव्हा तेही येत होते.

आता मूळ वचनाकडे या. प्रभुभोजनाबद्दल लिहिताना त्याने आकडाही दिला नाही आणि 'पोल्लाकिस'ही वापरला नाही. त्याने 'होसाकिस' निवडला. हा शब्द संख्या सांगत नाही, दोन गोष्टींची जोड सांगतो: ही जितक्यांदा, ती तितक्यांदा. ग्रीक वाक्यात त्याला चिकटून 'एआन' हे अव्यय येते, आणि त्यापुढचे क्रियापद 'होईल तेव्हा' अशा अनिश्चित रूपात असते. काही हस्तलिखितांत 'एआन'च्या जागी 'आन' आहे. त्याने अर्थ बदलत नाही, म्हणून दोन छापील पाठांत फरक दिसला तर घाबरून जाऊ नका.

एक बारकावा मराठी वाचकाने लक्षात ठेवावा. ग्रीक वाक्यात नुसते 'जितक्यांदा' आहे, 'तितक्यांदा' नाही. मराठीत त्याच्याविना वाक्य लंगडे पडते, म्हणून भाषांतरकाराने ते घातले आणि योग्यच केले. पण वाचताना आवाजाचा जोर 'तितक्यांदा'वर गेला की ऐकणाऱ्याला ती मोजून दिलेली आज्ञा वाटते. जाहीर वाचन करणाऱ्याने जोर पुढच्या क्रियापदावर द्यावा, घोषणेवर.

मग तो कोणत्या क्रियापदाला धरून आहे ते बघा

क्रियाविशेषणाचा अर्थ चुकतो तो बहुधा कोशात नाही, वाक्यात चुकतो. म्हणून दुसरी पायरी ही: शब्दाने कोणत्या क्रियेचा हात धरला आहे?

पंचविसाव्या ओवीत आज्ञा आहे ती 'करा' ही. 'जितक्यांदा' मात्र 'करा'ला लागलेला नाही, 'प्याल'ला लागलेला आहे. शब्दांचा क्रम बघा: आधी करण्याची आज्ञा, मध्ये 'जितक्यांदा प्याल', शेवटी प्रभूच्या आठवणीचा हेतू. आज्ञेचे वजन करण्यावर आणि आठवणीवर आहे. मधला तुकडा फक्त प्रसंग दाखवतो.

अजून जवळून बघा. हा मधला तुकडा प्याल्याच्या वाक्यात आहे, चोविसाव्या ओवीतल्या भाकरीच्या वाक्यात नाही. का नाही? काही अभ्यासकांचे उत्तर असे की भाकर हे त्या काळचे रोजचे अन्न होते, गरिबाच्या जेवणातही ती असायची. द्राक्षारस मात्र प्रत्येक जेवणात परवडत नसे. म्हणून भाकरीबद्दल नुसते 'करा', आणि प्याल्याबद्दल 'जेव्हा जेव्हा प्याल तेव्हा'. हे मत सर्वांना मान्य आहे असे नाही, पण ते मजकुराला धरून आहे आणि वर्गात चर्चेला ठेवण्यासारखे आहे. लूकच्या शुभवर्तमानात आठवणीची आज्ञा आहे, पण तिथे 'होसाकिस' नाही. मत्तय आणि मार्क यांच्या वृत्तांतातही तो नाही. म्हणजे प्रभुभोजनाच्या संदर्भात हा शब्द आपल्याला फक्त पौलाच्या लेखणीतून मिळतो.

सव्विसाव्या ओवीत तो पुन्हा येतो, आता खाणे आणि पिणे या दोन्हींबरोबर. वाक्याचे मुख्य क्रियापद आहे 'घोषणा करता'. ग्रीकमध्ये या क्रियापदाचे रूप आज्ञार्थीही वाचता येईल, पण वाक्यात 'कारण' हा शब्द आहे, त्यामुळे ते कारण सांगणारे विधान ठरते: तुम्ही खाता-पिता तेव्हा घोषणा घडतेच. पौल इथे वेळा वाढवा किंवा कमी करा असे काहीच सांगत नाही. तो सांगतो, एकही वेळ रिकामी जात नाही.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'दिवसातून तीनदा' लिहिले असेल तर तो आकडा पाळायचा. पण 'जेव्हा जेव्हा गोळी घ्याल तेव्हा जेवल्यावर घ्या' असे लिहिले असेल तर सूचना गोळ्यांच्या संख्येची नाही, घेण्याच्या रीतीची आहे. 'होसाकिस' ही दुसऱ्या प्रकारची सूचना आहे. वर्गात एवढे उदाहरण पुरते.

तिसरी जागा: प्रकटीकरण

नव्या करारात 'होसाकिस' तीनदाच येतो. दोन जागा पाहिल्या. तिसरी प्रकटीकरणाच्या अकराव्या अध्यायातली सहावी ओवी. दोन साक्षीदारांना अधिकार दिला आहे: ते इच्छितील तितक्यांदा पृथ्वीला पीडांनी मारू शकतील. इथेही आकडा नाही. शब्दाने हात धरला आहे तो 'इच्छितील'चा, आणि इच्छा कोणाची? त्या दोघांची.

आपल्या भागात ही ओवी जपून शिकवावी. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांना भूकंपाचे धक्के बसू लागले आणि ते बराच काळ थांबले नाहीत. भिंतींना भेगा गेल्या, लोक रात्री घराबाहेर झोपले, शाळेतली मुले धास्तावली. त्याच अकराव्या अध्यायात पुढे मोठ्या भूकंपाचा उल्लेख आहे, तेव्हा मन तिकडे धावणे साहजिक आहे. पण 'जितक्यांदा' तिथे धक्क्यांना लागलेला नाही, साक्षीदारांच्या इच्छेला लागलेला आहे. 'आपल्याकडे धक्के पुन्हापुन्हा येतात म्हणजे ही ओवी पुरी होते आहे' हा निष्कर्ष व्याकरणाला धरून नाही. भेदरलेल्या माणसांसमोर बोलताना तर ही चूक महागात पडते. तिथे धीराचे वचन घ्या, आणि भिंतीची भेग कोणाला दाखवायची तेही सांगा.

चार चुका, ज्या टाळता येतात

पहिली चूक: 'जितक्यांदा म्हणजे वारंवार.' ही बहुधा इंग्रजीतून येते. इंग्रजी शास्त्रात इथे 'ॲज ऑफन ॲज' असते. त्यातला 'ऑफन' सुटा काढला की 'वारंवार' हाती लागते. पण त्या तीन शब्दांचा अर्थ एकत्रच होतो. पौलाला वारंवार म्हणायचे असते तर 'पोल्लाकिस' त्याच्याकडे होता.

दुसरी चूक: 'वल्हांडण वर्षातून एकदा, म्हणून प्रभुभोजनही वर्षातून एकदाच.' शेवटच्या भोजनाला वल्हांडणाची पार्श्वभूमी आहे यात वाद नाही. पण वर्षातून एकदाच असे सांगायचे असते तर 'जितक्यांदा' हा शब्द कोणी वापरला नसता. जी गोष्ट वर्षाकाठी एकदाच होते तिला जितक्यांदा म्हणत नाहीत.

तिसरी चूक: 'दर रविवारची आज्ञा याच ओवीत आहे.' दर रविवारचा आधार शोधायचा तर दुसरीकडे शोधा. प्रेषितांच्या कृत्यांत विसाव्या अध्यायात त्रोवस येथे आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला लोक जमले. दुसऱ्या अध्यायात तर दररोज घरोघरी भाकर मोडल्याचे लिहिले आहे. इ.स. १५५ च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचे वर्णन केले, त्यात भाकर आणि प्याला आहे. हे सगळे भक्कम आहे, पण ती उदाहरणे आहेत. त्यांचे ओझे 'होसाकिस'वर टाकू नका.

चौथी चूक 'एकदाच' आणि 'जितक्यांदा' यांची गल्लत. इब्री लोकांस पत्रात ख्रिस्ताच्या अर्पणाबद्दल 'एफापाक्स' हा शब्द येतो, अर्थ एकदाच आणि कायमचे. सातव्या, नवव्या आणि दहाव्या अध्यायात तो भेटतो. अर्पण एकदाच झाले, त्याची घोषणा जितक्यांदा भोजन होईल तितक्यांदा होते. हे दोन शब्द एकमेकांना खोडत नाहीत. कॅथलिक शेजाऱ्याशी मिस्साबद्दल बोलताना काही जण 'एफापाक्स' दगडासारखा फेकतात. कॅथलिक शिकवणही ख्रिस्ताला पुन्हा मारले जाते असे म्हणत नाही, हे आधी ऐकून घ्यावे. फरक आहेत, ते शांतपणे बोलता येतात. आणि 'एफापाक्स'सुद्धा दर ठिकाणी हाच अर्थ देत नाही: करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पाचशेहून अधिक बंधूंना प्रभू दिसला तिथे त्याचा अर्थ 'एकाच वेळी' असा आहे. म्हणून कोशातला पहिला अर्थ उचलून चालत नाही, वाक्य बघावेच लागते.

एक शब्द, अनेक वेळापत्रके

हा वाद आपणच घालतो असे नाही. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक विश्वासणाऱ्याने निदान वर्षातून एकदा, ईस्टरच्या सुमारास, ख्रिस्तशरीर घ्यावे असे बंधन घातले, कारण लोक घेतच नव्हते. जिनिव्हात कॅल्व्हिनला दर आठवड्याचे भोजन हवे होते. नगरसभेने १५४१ मध्ये वर्षातून चारदा मंजूर केले. इंग्लंडच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाने निदान तीनदा सांगितले, त्यात ईस्टर धरून. कॅथलिक मंडळीत १९०५ मध्ये दहावे पायस यांच्या काळात रोज भोजन घेण्याला उघड उत्तेजन मिळाले. तलासरीच्या येशूसंघीयांच्या मिशनातली रोजची मिस्सा या परंपरेतली. मिस्सामध्ये भाकर-प्याल्याच्या पवित्रीकरणानंतर लोक जी घोषणा म्हणतात तिच्या पर्यायांपैकी एक थेट या सव्विसाव्या ओवीवरून घेतला आहे.

डहाणूची गोष्ट निराळी. अमेरिकेतल्या चर्च ऑफ द ब्रदरेनचे पहिले मिशनरी, विल्बर आणि मेरी स्टोव्हर व बर्था रायन, १८९४ मध्ये भारतात यायला निघाले आणि त्यांनी वलसाडला, म्हणजे त्या वेळच्या बुलसारला, काम सुरू केले. विसाव्या शतकाच्या आरंभी ते काम डहाणूला पोचले. डहाणू रोडचा मिशनचा दवाखाना याच पंथाचा. या पंथाचा आरंभ १७०८ मध्ये जर्मनीतल्या श्वार्झेनाऊ गावी, अलेक्झांडर माक आणि त्यांचे सोबती अशा आठ जणांच्या बाप्तिस्म्याने झाला. बाप्तिस्मा पाण्यात तीनदा बुडवून. आणि भोजन प्रीतिभोजनाच्या रूपात: आधी योहानाच्या तेराव्या अध्यायाप्रमाणे एकमेकांचे पाय धुणे, मग एकत्र साधे जेवण, मग भाकर आणि प्याला. पाणी भरलेले घमेले आणि कमरेला बांधलेले फडके हे या विधीचे साहित्य. स्त्रिया स्त्रियांचे पाय धुतात, पुरुष पुरुषांचे. असे प्रीतिभोजन बहुधा वर्षातून दोनदा होई, एकदा पवित्र गुरुवारी आणि एकदा शरदात. आपल्या वडीलधाऱ्यांना 'वर्षातून दोनदा' आठवते ते या रीतीतून.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यांत ब्रदरेन होते, अँग्लिकन होते आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्टही होते, ज्यांच्याकडे दर रविवारी भोजन हा पंथाचा प्राणच. वर्षातून दोनदावाले आणि वर्षातून बावन्नदावाले एका छपराखाली आले, आणि दोघांच्याही हातात तेच पत्र आणि तोच 'होसाकिस'. काही ब्रदरेन पुढे पुन्हा वेगळे झाले, पण त्याची कारणे दुसरी होती. या शब्दाने आकडा बांधून दिला असता तर हे एकत्र येणे पहिल्याच बैठकीत मोडले असते. आकडा मोकळा होता म्हणून ते जमले.

करिंथची खरी तक्रार काय होती

आकड्यावर घसा कोरडा करण्याआधी अकरावा अध्याय सतराव्या ओवीपासून शेवटपर्यंत एका बैठकीत वाचा. पौल रागावला आहे, पण वेळा कमी पडल्या म्हणून नाही. करिंथ हे बंदराचे, व्यापाराचे शहर. मंडळीत ज्यांच्या घरी भरलेले होते ते लवकर येत आणि आपापले जेवण उरकत. काम संपवून उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. एकाला भूक, दुसऱ्याला झिंग. तो विचारतो, तुम्ही देवाच्या मंडळीला तुच्छ लेखता काय, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना खाली पाहायला लावता काय? या रागाच्या मधोमध तो शेवटच्या रात्रीची आठवण काढतो आणि 'होसाकिस' लिहितो. आणि तेहतिसाव्या ओवीत उपाय देतो: एकमेकांसाठी थांबा.

म्हणजे हा शब्द ज्या भांडणात लिहिला गेला ते भांडण मेजावर कोण पोचते आणि कोण उपाशी राहते याचे आहे. प्रत्येक वेळी प्रभूच्या मरणाची घोषणा होत असेल, तर ज्या वेळी अर्धी मंडळी वगळली जाते त्या वेळी आपण काय घोषित करतो? वेळापत्रक ठरवताना हाच प्रश्न कसोटी म्हणून वापरा.

आपल्या तालुक्यांचे वर्ष

डहाणू-तलासरीत माणूस वर्षभर गावात नसतो. वेळापत्रक ठरवणाऱ्या समितीने कॅलेंडर उघडण्याआधी ही हजेरी मांडावी.

दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, वसई-भिवंडीकडे किंवा गुजरातेत. होळीला बरीच माणसे चार दिवस घरी येतात आणि पुन्हा जातात. पावसाच्या तोंडावर मुक्काम गावात. मग लावणी: माणसे घरी असतात, पण शेतात वाकलेली असतात आणि ओढ्याला पूर आला की पाडा तुटतो. उंबरगाव, वापीच्या कारखान्यांत जाणाऱ्यांची पाळी असते, रविवारही सुटत नाही. आणि खलाशी. आपल्या दोन्ही तालुक्यांतले कितीतरी आदिवासी तरुण गुजरातच्या मच्छीमार बोटींवर कामाला जातात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, तेवढा काळ ते घरी. ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या की पुन्हा मेपर्यंत पाण्यावर. त्यांतले काही सागरी हद्दीवर पकडले जाऊन पाकिस्तानच्या तुरुंगात पडल्याचेही आपल्या गावांनी पाहिले आहे.

आता एखाद्या खलाशाचे घर डोळ्यांसमोर आणा. मंडळीने वर्षातून दोनदा ठेवले, पवित्र गुरुवार आणि ऑक्टोबरचा एक रविवार, तर त्या माणसाच्या वाट्याला वर्षानुवर्षे एकदाही भोजन येणार नाही. दोन्ही वेळा तो बोटीवर. भट्टीवर गेलेल्या त्याच्या बहिणीला ऑक्टोबरचे मिळेल, पवित्र गुरुवारचे हुकेल. उलट मंडळीने दर रविवारी ठेवले पण सकाळी आठलाच, तर रात्रपाळी करून येणारा दर वेळी दाराशी पोचेपर्यंत मेज आवरलेले असेल. पहिल्या मंडळीत वेळा कमी, दुसरीत जास्त, आणि करिंथची चूक दोन्हींकडे.

म्हणून काही ठोस सुचवतो.

एक, महिन्यातून एकदाची रीत असो किंवा तिमाहीची, चार तारखा पक्क्या करा: दिवाळीच्या आसपासचा, भट्टीची माणसे निघण्याआधीचा रविवार, होळीच्या आठवड्यातला रविवार, जूनचा दुसरा किंवा तिसरा रविवार, आणि जुलैअखेरचा, बोटी सुटण्याआधीचा. या चारांत जवळजवळ प्रत्येक घर एकदा तरी मेजावर बसते. बाकीच्या तारखा मंडळीच्या परंपरेने ठरवा.

दोन, ज्या मंडळ्यांत पाय धुण्याची आणि प्रीतिभोजनाची जुनी रीत आहे त्यांनी ती सोडू नये. पूर्ण प्रीतिभोजन वर्षातून एक-दोनदा, आणि मधल्या काळात साधे भाकर-प्याल्याचे भोजन, असे दोन्ही चालते. पूर्ण विधीपैकी एक तरी जूनमध्ये घ्या.

तीन, वेळ जाहीर करताना पाळीवाल्यांना विचारा. संध्याकाळचे भोजन शास्त्राबाहेरचे नाही. मूळ भोजन रात्रीचेच होते.

चार, जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे जा. आजारी, बाळंतीण, वयस्क यांच्यासाठी त्याच दिवशी पाळकाने किंवा आपल्या मंडळीच्या नियमाप्रमाणे नेमलेल्या सेवकाने घरी जाऊन भोजन द्यावे. भट्टी वसईला असेल तर तिथल्या जवळच्या मंडळीच्या पाळकांना आधी कळवावे आणि कुटुंबाच्या हाती पत्र द्यावे.

पाच, साहित्यावरून अडू नका. द्राक्षरस मिळाला नाही तर मनुका रात्रभर भिजत घालून, कुस्करून, गाळून घेतलेला रस अनेक मंडळ्या वापरतात. मात्र ज्यांच्या पंथात द्राक्षारस आणि बेखमीर भाकर यांचे नियम ठरलेले आहेत त्यांनी आपल्या धर्मगुरूंना विचारावे.

शिकवताना

पाठ तीन बैठकांत बसतो. पहिल्या बैठकीत 'दा'चे कुटुंब. मुलांना मत्तयाचा अठरावा अध्याय द्या. पेत्र विचारतो, भावाला कितीदा क्षमा करू, सातदा? तिथे 'पोसाकिस' आणि 'हेप्टाकिस' एकाच ओवीत भेटतात. येशूचे उत्तर काही भाषांतरांत साताच्या सत्तर पटीचे, काहींत सत्त्याहत्तरदाचे आहे. ग्रीक शब्दरचना तीच आहे जी उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात, लामेखाच्या सूडाच्या बढाईत, जुन्या ग्रीक भाषांतराने वापरली. तिथे सूड मोजला, इथे क्षमेचे मोजणे बंद केले. आकडा कोणता हे मुलांना विचारू नका, वही ठेवून क्षमा करता येते का ते विचारा.

दुसऱ्या बैठकीत 'होसाकिस'च्या तिन्ही जागा. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: शब्द कोणत्या क्रियेला लागला आहे? पिणे, खाणे-पिणे, इच्छिणे. वहीत बाण काढायला लावा.

तिसऱ्या बैठकीत अकरावा अध्याय सतराव्या ओवीपासून, आणि मग आपल्या मंडळीची हजेरी. कोण कोणत्या महिन्यात कुठे असते याचा तक्ता तरुण संघाकडून करून घ्या. हा तक्ता समितीला भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

वारली किंवा धोडिया बोलणाऱ्या घरात पाठ घेत असाल तर 'जितक्यांदा' तसाच रेटू नका. तुमच्या श्रोत्यांपैकी कोणाला तरी विचारा, 'दर खेपेला असे झाले की तसे होते' हे तुम्ही घरात कसे म्हणता? जे उत्तर येईल ते फळ्यावर लिहा आणि तेच वापरा.

ठराव लिहिताना

सभेच्या शेवटी ठराव लिहायची वेळ आली की सचिवाने दोन वाक्ये वेगळी ठेवावीत. पहिल्यात मंडळीने ठरवलेल्या वेळा आणि तारखा, 'मंडळीच्या सोयीने व परंपरेने' असे स्पष्ट म्हणून. दुसऱ्यात १ करिंथ ११:२६ चा आधार, पण आकड्यासाठी नव्हे. प्रत्येक भोजनात प्रभूच्या मरणाची घोषणा होते, म्हणून कोणी वगळले जाणार नाही याची जबाबदारी मंडळी घेते, यासाठी. पहिले वाक्य दर वर्षी सभेत बदलता येईल. दुसऱ्याला हात लावू नये. आणि पुढच्या वर्षी कोणी पुन्हा 'शास्त्रात कितीदा लिहिले आहे?' असे विचारले, तर वाद न घालता त्याला हजेरीचा तक्ता द्या आणि मागच्या बारा महिन्यांत कोण एकदाही मेजावर बसले नाही त्यांची नावे काढायला सांगा.